जुना ख्रिसमस ट्री, मोडकं मखर टाकवत का नाही? पोटमाळ्यावरच्या खोक्याची गोष्ट समजून घ्या

बहुतेक घरांत एक खोका असतोच. कधी तो जुन्या टीव्हीचा असतो, कधी मिक्सरचा. सुतळीने बांधलेला आणि वर स्केचपेनने ‘गणपती’, ‘दिवाळी’ किंवा ‘नाताळ’ असं लिहिलेला. आत काय असतं? एक खांब मोडलेलं मखर, रंग उडालेली तोरणं, झिरमिळ्या गळालेला आकाशकंदील, अर्धीच पेटणारी लायटिंगची माळ. नाताळ साजरा करणारं घर असेल तर पानं विरळ झालेला प्लास्टिकचा ख्रिसमस ट्री, चमकी उडालेला तारा आणि एका मेंढराचा पाय तुटलेला गोठा.

दरवर्षी हा खोका खाली उतरतो. दरवर्षी घरातलं कुणीतरी म्हणतं, “या वेळी हे सगळं टाकून देऊ आणि नवीन आणू.” आणि दरवर्षी दुसरं कुणीतरी म्हणतं, “राहू दे, चांगलं आहे अजून.” चांगलं नसतं, हे दोघांनाही माहीत असतं. तरी खोका पुन्हा वर जातो.

बाजारात दोनशे रुपयांनाही कुणी घेणार नाही अशा वस्तूंत आपला जीव का अडकतो? त्यातलं काय ठेवावं, काय सोडावं? आणि सोडायचं तर नेमकं कुठे आणि कसं? सविस्तर पाहू.

निघोजेसारख्या गावात हा प्रश्न मोठा का होतो?

निघोजे हे पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं, इंद्रायणीकाठचं गाव. आज ते चाकण औद्योगिक पट्ट्याचा भाग म्हणून ओळखलं जातं. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि त्याच सुमारास महिंद्राचाही प्रकल्प इथे उभा राहिला. दोन्ही कारखान्यांच्या पत्त्यात निघोजेचं नाव आहे. महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी, मोशी, तळवडे हा सगळा परिसर आता कामाला आलेल्या माणसांनी भरलेला आहे. कुणी मराठवाड्यातून आलंय, कुणी विदर्भ-खानदेशातून, तर कुणी बिहार, झारखंड, ओडिशा किंवा केरळातून.

यातले बरेच जण भाड्याच्या खोलीत राहतात. एक खोली, कोपऱ्यात ओटा, बाहेर वाळत घातलेले कपडे. पोटमाळा नसतो. अकरा महिन्यांचा करार संपला, कंपनी बदलली, मुलांची शाळा लांब पडायला लागली, की बिऱ्हाड हलतं. छोटा हत्ती दारात उभा राहतो आणि काय न्यायचं, काय टाकायचं हे तासाभरात ठरवावं लागतं. गॅस, गादी, कूलर, भांडी हे ठरलेलंच. प्रश्न येतो तो सणाच्या खोक्याचा. जागा खातो, वर्षभर कामाला येत नाही, पण सोडवतही नाही.

मूळच्या गावकऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. जुनं घर पाडून तिथे स्लॅबची इमारत होते, एका कुटुंबाचे तीन फ्लॅट होतात. भांडी वाटता येतात, पण आजोबांनी बनवलेलं लाकडी मखर तिघांत कसं वाटणार? मग ते एकाच्या गॅलरीत पडून राहतं. उन्हापावसात त्याचा रंग उडतो आणि मनात एक सल राहतो.

म्हणजे हा प्रश्न अडगळीपुरता नाही. घर बदलताना, घर वाटताना आणि घरातलं माणूस गेल्यावर आपण सोबत काय नेतो, असा तो आहे.

ख्रिसमस ट्री आणि मखर एकाच खोक्यात कसे?

धर्म वेगळे, सण वेगळे, पण वस्तूंचा स्वभाव सारखा.

ख्रिसमस ट्रीची प्रथा मूळची जर्मन भाषिक प्रदेशातली. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन पती अल्बर्ट यांचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आलं आणि ही प्रथा इंग्रजी जगात झपाट्याने पसरली. झाडावर टांगायचे काचेचे चकचकीत गोळे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या लाउशा या काचकारागिरांच्या गावात बनू लागले. गोठ्याची परंपरा त्याहून जुनी. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात येशूजन्माचा देखावा उभा केला, तिथपासून ती सांगितली जाते.

आपल्याकडे ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. वसईत आजही घरोघरी गोठे उभे राहतात. दारात कागदी तारा टांगला जातो. पूर्वी अनेक घरांत सुरूची फांदी कुंडीत रोवून तिलाच सजवत. नंतर तिची जागा प्लास्टिकच्या झाडाने घेतली. तेच झाड मग पंधरा-वीस वर्षं घडी घालून ठेवायचं आणि उघडायचं.

गणपतीचं मखर, गौरीचे मुखवटे, दिवाळीचा कंदील यांचंही तसंच. या सगळ्या वस्तू वर्षातले थोडेच दिवस उजेडात असतात, उरलेले महिने अंधारात. त्यांच्यातल्या जादूचं पहिलं कारण इथेच सापडतं.

कारण १ : वर्षातून एकदाच दिसणारी वस्तू

स्वयंपाकघरातला तवा आपण रोज वापरतो. त्या तव्याशी हजारो दिवस जोडलेले असतात, म्हणून तवा पाहून विशेष असं काहीच आठवत नाही. मखराचं उलट आहे. ते वर्षातून एकदा बाहेर येतं, त्यामुळे त्याच्याशी जोडलेले दिवस मोजकेच असतात आणि ते सगळे सणाचे असतात.

स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात की एखाद्या खुणेला जितक्या जास्त आठवणी चिकटतात, तितकी ती खूण एखादी ठरावीक आठवण जागी करायला कमी उपयोगी पडते. सणाची सजावट ही कमी आठवणी चिकटलेली, म्हणून धारदार राहिलेली खूण. खोका उघडला की मागची सगळी वर्षं एकावर एक उभी राहतात. त्या वर्षी आजी होती. त्या वर्षी बाळ नुकतंच चालायला लागलं होतं आणि त्याने खालच्या फांदीचे सगळे गोळे ओढून काढले होते.

त्यात वासाची भर पडते. डांबरगोळ्यांचा, जुन्या पुठ्ठ्याचा, कापराचा, धूळ बसलेल्या जिलेटिन कागदाचा वास. मेंदूत वासाच्या संदेशांची वाट भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांना अगदी जवळून जाते. म्हणून फोटो पाहून जे होत नाही ते कधी कधी खोक्याचं झाकण उघडल्यावर होतं.

कारण २ : स्वतः बनवलेलं

मायकल नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना साधे खोके जोडायला दिले, कागदाच्या घड्या घालून आकृत्या करायला दिल्या. मग विचारलं, याची किंमत किती? ज्यांनी स्वतः बनवलं होतं त्यांनी आपल्या वेड्यावाकड्या कागदी बेडकाला बाहेरच्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त किंमत दिली. तज्ज्ञांनी केलेल्या सुबक आकृतीच्या जवळपास नेऊन ठेवलं त्याला. फर्निचर विकणाऱ्या प्रसिद्ध कंपनीवरून या प्रवृत्तीला ‘आयकिया इफेक्ट’ म्हणतात. अट एकच, काम पूर्ण झालेलं हवं. अर्धवट राहिलेल्या गोष्टीवर तसं प्रेम जडत नाही.

आता आपलं मखर आठवा. सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा आलेल्या माणसाने पॅकिंगच्या पुठ्ठ्याला कटर लावून काढलेली कमान. बायकोने जुन्या साडीच्या काठाची लावलेली झालर. मुलीने फेव्हिकॉल सांडत चिकटवलेले आरसे. तिरकं दिसत असेल, पण त्यात तिघांचे हात लागलेले आहेत. बाजारातलं तयार मखर कितीही सुंदर असलं तरी त्यात हे नसतं.

कारण ३ : ‘माझं’ म्हटलं की भाव वाढतो

डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा १९९० सालचा कपांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे कप भेट दिले आणि किती पैशांना विकाल असं विचारलं. इतरांना विचारलं, हाच कप किती पैशांना घ्याल? एका प्रयोगात विकणारे सात डॉलरच्या आसपास मागत होते आणि घेणारे तीन डॉलरच्याही आत देत होते. कप तोच. फरक एवढाच की एकाच्या हातात तो काही मिनिटांपूर्वी ‘आपला’ झाला होता.

काही मिनिटांच्या मालकीने असं होत असेल, तर वीस वर्षं जपलेल्या झाडाचं काय होणार? म्हणून भंगारवाल्याने “याचे काहीच येणार नाहीत ताई” म्हटलं की राग येतो. त्याच्या दृष्टीने तो प्लास्टिकचा भाव सांगत असतो.

कारण ४ : वस्तू म्हणजे माणसं

सगळ्यात खोल कारण हे आहे. मिहाय चिकसेंटमिहाय आणि यूजीन रॉखबर्ग-हाल्टन यांनी शिकागो परिसरातल्या ८२ कुटुंबांतल्या ३१५ जणांना विचारलं की घरातल्या कोणत्या वस्तू तुम्हाला खास वाटतात आणि का. त्यांचं पुस्तक १९८१ साली आलं. लोकांच्या बोलण्यात किंमत किंवा उपयोग यापेक्षा आठवणी आणि नाती पुन्हा पुन्हा येत होती. हे आईने दिलंय, हे लग्नात मिळालं, हे आम्ही दोघांनी मिळून घेतलं.

रसेल बेल्क यांनी १९८८ साली मांडलं की आपल्या वस्तू हा आपल्या ‘मी’चाच वाढलेला भाग असतो. म्हणूनच घरात चोरी झाली की पैशांच्या नुकसानीपलीकडेही काहीतरी ओरबाडून नेल्यासारखं वाटतं. जुनी सजावट न विचारता टाकली गेल्यावर घरात जे भांडण होतं, तेही याच जातीचं असतं. टाकणाऱ्याला वाटतं आपण कचरा काढला. दुसऱ्याला वाटतं आपल्या वडिलांना घराबाहेर काढलं.

कारण ५ : घर लांब असलं की ओढ वाढते

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घडवला. घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांना जडणाऱ्या घरओढीला त्याने चक्क आजार ठरवलं होतं. पुढे स्विस भाडोत्री सैनिकांच्या संदर्भात हा ‘आजार’ गाजला.

आजचं संशोधन वेगळं सांगतं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठातले कॉन्स्टँटिन सेडिकिडीस, टिम वाइल्डशुट आणि इतरांच्या अभ्यासांत दिसलं की एकटेपणा वाटला की माणसं जुन्या आठवणींकडे वळतात, आणि त्या आठवणींनी आपण कुणाचे तरी आहोत ही भावना परत बळकट होते. म्हणजे आठवण काढणं हे दुखणं कमी, औषध जास्त.

निघोजेतल्या एका खोलीत, सुट्टी न मिळाल्याने गावी जाता न आलेलं जोडपं आईने दिलेला जुना तारा खिळ्याला टांगतं किंवा गावाकडून आणलेलं तोरण दाराला लावतं, तेव्हा नेमकं हेच होत असतं. भाड्याच्या भिंतीवर आपलं घर उभं राहतं. ही हौस वाया गेलेली नाही.

मग सगळंच जपायचं का?

नाही. आणि गंमत म्हणजे, काय धरायचं आणि काय सोडायचं याचं उत्तर आपल्या सणांनी आधीच देऊन ठेवलंय.

गणपतीची पार्थिव मूर्ती आपण मनापासून पूजतो, आणि दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी पाण्यात सोडतो. डोळ्यांत पाणी येतं, पण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून आपण रिकामा पाट घेऊन घरी येतो. जी गोष्ट सगळ्यात प्रिय तीच सोडायची, हा सराव लहानपणापासून होतो.

त्याच घरात गौरीचे मुखवटे मात्र जपून ठेवले जातात. पितळेचे असोत की शाडूचे, अनेक घरांत ते सासूकडून सुनेकडे येतात. साडी दरवर्षी वेगळी असते, मुखवटा तोच.

कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घड, रानातली फळं, फुलं, वेली बांधायच्या. चौकट वर्षानुवर्षं तीच राहते. तिला बांधलेलं सगळं दरवर्षी नवं असतं.

घरी कंदील करणारेही हेच करतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा नीट बांधलेला असेल तर तो मोडत नाहीत. फाटलेला कागद सोलून काढायचा, खळ लावून नवा चिकटवायचा, झिरमिळ्या नव्या. कंदील मात्र ‘बाबांनी केलेला’च असतो.

या चारही उदाहरणांत एक सूत्र आहे : गाभा ठेवा, भोवतीचं बदलू द्या. जुन्या ख्रिसमस ट्रीलाही ते लागू पडतं. सगळं झाड नसेल पेलवत तर शेंड्यावरचा तारा ठेवा. गोठा ठेवायला जागा नसेल तर बाळ येशूची मूर्ती ठेवा. मखराची कमान मोडली असेल तर मुलीने चिकटवलेल्या आरशांची पट्टी काढून नव्या मखराला लावा.

ठेवायचं काय, हे कसं ठरवायचं?

एक सोपी कसोटी आहे. खोक्यातली वस्तू हातात घ्या आणि पाहा, तोंडातून कुणाचं नाव येतं का? “हे मामाने आणलेलं”, “हे आपण चाकणच्या पहिल्या खोलीत लावलं होतं” असं काही आलं तर ती वस्तू ठेवण्याच्या बाजूला. नुसतं “असू दे, कामाला येईल” एवढंच आलं तर सोडण्याच्या बाजूला. बहुतेक खोक्यांत पहिल्या प्रकारच्या वस्तू मोजक्याच निघतात. बाकीचं त्यांच्या आडोशाने राहिलेलं असतं.

जे ठेवाल त्यासोबत चिठ्ठी ठेवा. कुणी केलं, कोणत्या साली, कोणत्या घरात. तुमच्यासाठी त्या ताऱ्यात आठवण आहे, पण तुमच्या मुलांना ती गोष्ट माहीत नसेल तर त्यांच्या हातात तो नुसता चमकी उडालेला तारा राहील.

जे सोडाल त्याचा आधी फोटो काढा. कॅरेन विंटरिच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत एक प्रयोग केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. काही इमारतींत विद्यार्थ्यांना नुसतं ‘नको असलेल्या वस्तू दान करा’ असं सांगितलं. इतर इमारतींत सांगितलं की आठवणीतल्या वस्तूचा आधी फोटो काढून ठेवा, मग दान करा. पहिल्या गटातून ५३३ वस्तू आल्या, दुसऱ्या गटातून ६१३. वस्तू गेली तरी आठवण हातात राहते एवढी खात्री झाली की मूठ सैल होते. अर्थात हा फोटो मोबाइलमधल्या हजारो फोटोंत हरवणार नाही असा ठेवा. शक्य तर छापून त्याच खोक्यात ठेवा.

थर्माकोलच्या मखराचं काय करायचं?

इथे आठवणीसोबत कायदाही येतो. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली, त्यात सजावटीचं थर्माकोलही आलं. शिल्लक माल गणेशोत्सवापुरता विकू द्यावा अशी मागणी घेऊन थर्माकोल व्यावसायिक मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. जुलै २०१८ मध्ये न्यायालयाने ती नाकारली.

त्यामुळे त्याआधीचं थर्माकोलचं मखर अजून घरात असेल तर ते पुन्हा मांडू नका, आणि टाकताना विशेष काळजी घ्या. थर्माकोलमध्ये बहुतांश हवाच असते, म्हणून ते पाण्यावर तरंगत लांब जातं. त्याचे दाणे सुटे होतात, कुजत नाहीत आणि मासे ते खाणं समजून गिळतात.

निघोजेच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. आंद्रा धरणातून इंद्रायणीत सोडलेलं पाणी निघोजेच्या बंधाऱ्यातून उचललं जातं, चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. विसर्जनाच्या दिवशी मूर्तीसोबत मखरही नदीकाठी ठेवून येण्याची सवय अनेकांना असते. काठावर ठेवलेलं मखर पुढच्या पावसात नदीतच जातं. त्याच नदीचं पाणी पलीकडच्या शहरात कुणाच्या तरी ग्लासात येतं.

जाळू तर अजिबात नका. थर्माकोल जळताना काळा धूर आणि विषारी वायू निघतात. प्लास्टिकचा ख्रिसमस ट्री बहुधा पीव्हीसीचा असतो. तो जळताना आम्लधर्मी वायू आणि डायॉक्सिनसारखी घातक द्रव्यं तयार होतात. दोन्ही वस्तू कोरड्या सुक्या कचऱ्यात, घंटागाडीवाल्याला सांगून द्या. लायटिंगच्या बाद माळा ई-कचऱ्यात.

जुनं झाड पुन्हा वापरणं चांगलं की नवं घेणं?

पर्यावरणाच्या हिशेबाने, घरात असलेलं प्लास्टिकचं झाड शक्य तितकी वर्षं वापरणं चांगलं. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्टच्या अंदाजानुसार दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. तेवढंच खरं झाड तोडून वापरलं आणि नंतर कचरा डेपोत कुजवलं तर सुमारे १६ किलो. म्हणजे कृत्रिम झाड दोन-तीन वर्षांत टाकणं सगळ्यात वाईट. आईचं “राहू दे, चांगलं आहे अजून” इथे अगदी बरोबर निघतं.

मात्र तीन गोष्टी तपासा.

• लायटिंगची माळ : वायरचं आवरण तडकलेलं असेल, तांब्याची तार दिसत असेल, सेलोटेपने जोड दिलेला असेल तर ती माळ आठवण असली तरी लावू नका. जुने छोटे बल्ब तापतात आणि शेजारी कागद, कापूस, कापड असतं. छोट्या खोलीत, एकाच बोर्डावर सगळं लावलेलं असताना हा धोका मोठा. नवी एलईडी माळ घ्या.

• झाडाची पानं : जुन्या पीव्हीसीमध्ये शिशाची संयुगं वापरली जात असत. पानं कडक होऊन त्यांची भुकटी पडू लागली असेल तर रांगणारं बाळ असलेल्या घरात असं झाड मांडू नका. हाताळल्यावर हात धुवा.

• काचेचे गोळे : तडा गेलेले वेगळे काढा. खालच्या फांद्यांवर, मुलांच्या हाताच्या उंचीवर, कापडी किंवा कागदी सजावट लावा.

माणूस गेल्यावर खोका कोण उघडणार?

घरातलं माणूस गेल्यानंतरचा पहिला सण अवघड असतो. अनेक घरांत त्या वर्षी सण करत नाहीत, खोका उघडत नाहीत. त्यात काही चूक नाही. पण त्याच वर्षी, दुःखाच्या भरात किंवा घर आवरण्याच्या घाईत, तो खोका टाकूनही देऊ नका. त्या काळात घेतलेला निर्णय नंतर बदलता येत नाही. वर्षभर थांबा.

उघडाल तेव्हा एकट्याने उघडू नका. भावंडांना बोलवा, जमत नसेल तर व्हिडिओ कॉल लावा. कमान एकाकडे, समई दुसऱ्याकडे, तारा तिसरीकडे अशी वाटणी झाली तरी चालेल. घर वाटताना माणसं भांडतात ती बऱ्याचदा जागेवरून. पण मनात राहतं ते न विचारता टाकलेलं मखर.

आणि नवराबायकोत, सासूसुनेत एक साधा नियम ठेवा : दुसऱ्याची आठवण असलेली वस्तू त्याला विचारल्याशिवाय भंगारात जाणार नाही. आपल्याला ती अडगळ दिसते, कारण त्या वर्षी आपण त्या घरात नव्हतो.

जपणं कधी आजार होतं?

सणाचा एक खोका, दोन खोके हा आजार नाही. पण काहीच टाकवत नाही, घरात झोपायला किंवा स्वयंपाक करायला जागा उरत नाही, टाकायचा नुसता विषय निघाला तरी जीव घाबरा होतो, असं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. वस्तू साठवण्याच्या या विकाराला २०१३ सालापासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात स्वतंत्र स्थान आहे. अशा माणसाला चेष्टेची नाही, मदतीची गरज असते. घरच्यांनी एके दिवशी सगळं परस्पर काढून टाकलं तर त्रास वाढतो. केंद्र सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

थोडक्यात सांगायचं तर

जुन्या सजावटीत जीव अडकणं हे मनाच्या नेहमीच्या कामकाजाचा भाग आहे. ती वस्तू वर्षातून एकदा येते, आपल्या हातांनी घडलेली असते आणि गेलेल्या किंवा लांब असलेल्या माणसांना परत घरात आणते. म्हणून तिच्यावर हसू नका. पण सगळा खोका म्हणजे आठवण नसते. ज्या वस्तूसोबत नाव येतं ती ठेवा, तिची गोष्ट लिहून ठेवा, बाकीच्याचा फोटो काढून योग्य जागी निरोप द्या. नदीत नाही आणि शेकोटीतही नाही.

पुढच्या वेळी बिऱ्हाड हलवताना छोट्या हत्तीत जागा कमी पडली, तर चपलांच्या खोक्यात मावेल एवढी सणाची सजावट वेगळी काढा आणि ती मागे गाद्यांमध्ये न टाकता पुढे मांडीवर घ्या. नव्या खोलीत पहिला सण येईल तेव्हा खिळा कुठे ठोकायचा, हे तीच ठरवेल.

तुमच्या घरातल्या खोक्यात सगळ्यात जुनी वस्तू कोणती आहे? ती कुणी आणली होती? आज घरी फोन करून विचारा. उत्तर द्यायला घरातली मोठी माणसं अजून आहेत, तोवर.